घरांतला रुपेरी पडदा

सारंगखेड्याच्या यात्रेंत घोडा विकत घेणारा मनुष्य त्याच्या अंगावरील झालर व गोंडे पाहून पैसे मोजीत नाहीं. तो घोड्याचे दांत पाहतो, खूर उचलून पाहतो, चार पावलें चालवून व मग पळवून पाहतो. आणि घोडा टांग्यास पाहिजे कीं स्वारीस पाहिजे, हें तर तो घरून निघण्यापूर्वींच ठरवून आलेला असतो. तापीकांठच्या आपल्या लोकांस ही पारख कोणी शिकवावी लागत नाहीं. परंतु तोच मनुष्य शहरांतील दुकानांत टीव्हीचा नवा संच घेण्यास जातो, तेव्हां ही सारी चतुराई जणूं दाराबाहेर ठेवून आंत शिरतो. भिंतीवर ओळीनें लावलेले वीस पडदे एकदम झळकूं लागतात. त्यांतला जो सर्वांत मोठा व सर्वांत भडक तो डोळ्यांत भरतो. विक्रेता हप्त्यांचा कागद पुढें करतो. आणि अर्ध्या तासांत व्यवहार पुरा होतो.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, घरीं चित्रपट पाहण्यासाठीं जो संच घ्यावयाचा तो घरीं निवडावा, आणि दुकानांत केवळ पारखावा. कारण ज्या खोलींत तो राहणार ती खोली, ज्यांनीं तो पाहावयाचा व ऐकावयाचा ते डोळे व कान, आणि ज्या मिळकतींतून त्याचे पैसे फिटावयाचे ती मिळकत, हीं सर्व घरीं असतात. दुकानांत असतो तो फक्त माल.

यावर कांहीं सुज्ञ पालक विचारतील कीं, शिक्षकानें विद्यार्थ्यांच्या घरीं टीव्ही आणण्याची भाषा करावी काय? आमचें उत्तर असें आहे कीं, चित्रपट घरांत अगोदरच शिरलेला आहे. तो मोबाईलच्या वीतभर पडद्यावरून शिरला आहे. बाप ओट्यावर एक चित्रपट पाहतो, मुलगा पांघरुणांत दुसरा पाहतो, आणि आजी कोणाच्याच चित्रपटांत नसते. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहांत लोकांपुढें आणला, तेव्हांपासून चित्रपट ही पुष्कळ माणसांनीं एकत्र बसून पाहण्याची वस्तु होती. पुढें गांवोगांवच्या यात्रांतून तंबूंत खेळ होऊं लागले. मुंबईस दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्यानंतर हळूहळू खेड्यांत जेथें एखाद्याच घरीं संच असे, तेथें सारी आळी त्या घरीं जमे. हें एकत्र बसणें मोबाईलनें मोडलें. नीट निवडलेला एक संच तें पुन्हां जुळवूं शकतो, आणि एवढ्याचसाठीं त्याविषयीं लिहिण्याचें आम्हांस प्रयोजन वाटतें.

पहिली गोष्ट मोजमापाची. संचाचा आकार इंचांत सांगतात, तो पडद्याच्या कर्णाचा असतो, रुंदीचा नव्हे. भूमितीच्या तासाला पायथागोरसचा सिद्धांत शिकलेल्या मुलांस हें सहज पडताळून पाहतां येईल. पडद्याच्या रुंदीचें उंचीशीं प्रमाण १६ : ९ असतें, म्हणून ३२ इंची पडदा सुमारें ७१ सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच, ४३ इंची पडदा ९५ रुंद व ५४ उंच, आणि ५५ इंची पडदा १२२ रुंद व ६८ उंच भरतो. ४३ वरून ५५ वर जातांना आकडा बारानेंच वाढतो, पण पडद्याचें क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होतें, आणि किंमतही त्या मानानें चढते.

आतां बसण्याचें अंतर. सिनेमागृहांतल्याप्रमाणें पडदा दृष्टींत भरावा असें वाटत असेल, तर कर्णाच्या सुमारें १.६ पट अंतरावर बसावें. अडीचपटीच्या पलीकडे गेलें कीं चित्रपट समोरच्या घराच्या खिडकीसारखा दिसूं लागतो. या हिशेबानें ३२ इंची संचास सव्वाचार ते साडेसहा फूट, ४३ इंची संचास पावणेसहा ते नऊ फूट, आणि ५५ इंची संचास सव्वासात ते साडेअकरा फूट अंतर योग्य होय. ज्या खोलींत माणसें आठ फुटांवर बसतात तेथें ४३ व ५५ दोन्ही चालतात. मग मोठाच घ्यावा असें नव्हे. लहानानें काम भागतें, हें कळलें म्हणजे पुरे. ज्यांची खोलीच सहा फुटांची आहे त्यांस ३२ इंची संच मुळींच कमीपणाचा नाहीं.

संच कोठें ठेवावा, हाही प्रश्न मोजमापाचाच आहे. आपल्याकडे बहुतेक कुटुंबें चटईवर बसून चित्रपट पाहतात. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे सुमारें अडीच फूट उंचीवर असतात; संच मात्र पुष्कळ घरांत छताजवळ टांगलेला असतो, आणि तीन तासांच्या चित्रपटानंतर मान अवघडते. पडद्याचा मध्य डोळ्यांच्या उंचीच्या जवळपास असावा. कुडाच्या भिंतीवर तर संच टांगूंच नये. भक्कम व बुटकें टेबल बरें. खिडकी किंवा दार पडद्याच्या समोर नसावें, नाहीं तर दिवसां चित्राऐवजीं अंगणच दिसेल.

दुसरी गोष्ट चित्राच्या चौकटीची. सर्व चित्रपट एकाच आकाराचे नसतात. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६), किंवा आपल्या खानदेशांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनीं काढलेला व राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळविलेला ‘श्यामची आई’ (१९५३), हे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटींत घेतलेले आहेत. ते आजच्या पडद्यावर लावले असतां दोहों बाजूंस मिळून सुमारें पाव पडदा काळा राहतो. पुष्कळांस हा संचाचा दोष वाटतो, आणि ते बटण दाबून चित्र ताणतात. मग श्यामची आई ठेंगणी व लठ्ठ दिसूं लागते. तसें कदापि करूं नये. उलट, ‘कागज़ के फूल’ (१९५९) या हिंदी चित्रपटापासून आपल्या देशांत सिनेमास्कोपची लांबट चौकट आली. तशा चित्रपटांत काळे पट्टे वर व खालीं पडतात. ४३ इंची पडद्यावर असा चित्रपट फक्त ४० सेंटिमीटर उंचीचा दिसतो. ज्यांना असेच भव्य चित्रपट प्रिय आहेत आणि ज्यांच्या खोलींत अंतर आहे, त्यांनीं मोठा संच घेण्यास हें एक खरें कारण होय.

तिसरी गोष्ट टिंबांची. पडद्यावरील चित्र बारीक टिंबांचें बनलेलें असतें. ‘फुल एचडी’ पडद्यावर तीं सुमारें वीस लाख, व ‘फोर-के’ पडद्यावर सुमारें त्र्याऐंशी लाख असतात. आंकडा ऐकून मनुष्य दिपतो. परंतु निकोप डोळ्यास अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोन वेगळा ओळखतां येत नाहीं. ४३ इंची फुल एचडी पडद्यावर दोन टिंबांतील अंतर सुमारें अर्धा मिलिमीटर भरतें, तेव्हां १.७ मीटर, म्हणजे साडेपांच फुटांच्या पलीकडे बसलेल्यास तीं टिंबें वेगळीं दिसतच नाहींत. मग त्यांची संख्या चौपट झाली काय आणि न झाली काय, त्याला सारखेंच. मोठे संच आतां बहुधा फोर-केचेच मिळतात, त्यास हरकत नाहीं. पण ‘एट-के’ या नांवासाठीं अधिक पैसा मोजणें म्हणजे न दिसणारी वस्तु विकत घेणें होय.

चौथी गोष्ट काळोखाची, आणि चित्रपटाच्या दृष्टीनें ती सर्वांत महत्त्वाची. चित्रपट आपण बहुधा रात्रीं, जेवणें आटोपल्यावर, दिवा मंद करून पाहतों. अशा वेळीं पडद्याचा उजेड किती याहून त्याचा काळा रंग किती काळा, यावर चित्राची खोली अवलंबून असते. बाजारांतील बहुतेक संच ‘एलसीडी’ जातीचे असतात. त्यांस ‘एलईडी’ म्हणतात तें केवळ मागील दिव्यांवरून. त्यांत पडद्यामागें दिवे जळत असतात, व पुढील द्रवस्फटिकांच्या बारीक झडपा तो उजेड अडवितात किंवा सोडतात. झडप कितीही मिटली तरी थोडा उजेड पाझरतोच. म्हणून अमावास्येची रात्र राखेसारखी दिसते. या जातींत दोन पोटजाती आहेत. ‘व्हीए’ पडद्याचा काळोख अधिक दाट असतो, पण कडेला बसणाऱ्यास रंग फिके दिसतात. ‘आयपीएस’ पडदा कडेनेंही सारखा दिसतो, पण त्याचा काळा रंग करडेपणाकडे झुकतो. चार माणसें समोर बसत असतील तर पहिला, आणि आठदहा माणसें खोलीभर पसरून बसत असतील तर दुसरा बरा. ‘ओएलईडी’ संचांत प्रत्येक टिंब स्वतःच दिवा असतो, व काळें दाखवावयाचें तेथें तो पूर्ण विझतो. रात्रीं चित्रपट पाहण्यास त्याच्याएवढा उत्तम पडदा नाहीं. परंतु त्याची किंमत तशीच जबर असते, आणि एखाद्या वाहिनीचें चिन्ह तासन् तास, दिवसचे दिवस एकाच जागीं राहिल्यास त्याचा डाग उमटण्याचा संभव असतो. ‘क्यूएलईडी’ हें नांव त्याच्याशीं मिळतें असलें तरी ती वस्तु एलसीडीच होय. तिच्यांत रंग अधिक शुद्ध दिसण्याची योजना असते एवढेंच. एका अक्षराच्या सारखेपणानें फसूं नये.

पांचवी गोष्ट दुकानांतल्या झगमगाटाची. दुकानांतील प्रखर दिव्यांत उठून दिसावे म्हणून तेथील संच ‘व्हिव्हिड’ नांवाच्या भडक रंगयोजनेवर लावलेले असतात. तिनें माणसांचे चेहरे हळद लावल्यासारखे दिसतात. घोडा चालवून पाहावा, तसा संच चालवून पाहावा. ओळखीच्या चित्रपटांतला रात्रीचा एक प्रसंग व शांत संभाषणाचा एक प्रसंग पेनड्राइव्हवर बरोबर न्यावा, विक्रेत्यास ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ही योजना लावावयास सांगावें, आणि दोन पावलें कडेला सरकूनही पाहावें. आणखी एक. चित्रपट सेकंदास २४ चित्रें या गतीनें घेतलेला असतो. परंतु आजचे पुष्कळ संच मधलीं चित्रें स्वतःच रचून त्यांत भरतात, आणि मग गंभीर चित्रपटही मालिकेसारखा गुळगुळीत दिसूं लागतो. ही करामत बंद करतां येते. २०१९ मध्यें जाहीर झालेली ‘फिल्ममेकर मोड’ म्हणून जी योजना कांहीं संचांत आली आहे, ती हेंच काम एका बटणानें करते.

सहावी गोष्ट आवाजाची. संच जितका पातळ, तितकी ध्वनिक्षेपकास जागा कमी. तो बहुधा खालीं किंवा मागें तोंड करून बसविलेला असतो, आणि संवाद भिंतीशीं बोलल्यासारखे येतात. आपल्याकडे पावसाळ्यांत पत्र्याच्या छपरावर सरी कोसळूं लागल्या म्हणजे तर कांहींच ऐकूं येत नाहीं. शिवाय आपल्या शाळेंतील कित्येक मुलांच्या घरीं मावची, भिलोरी, पावरी, अहिराणी किंवा गुजरी बोलतात; प्रमाण मराठी ही त्यांनीं शाळेंत मिळविलेली भाषा आहे. अशा घरांत शब्द स्पष्ट ऐकूं येणें ही चैन नव्हे, गरज आहे. म्हणून दुकानांत एकदां डोळे मिटून संवाद ऐकावे. ते अस्पष्ट वाटले, तर मोठ्या पडद्याचा मोह सोडून उरलेल्या पैशांत संचाखालीं ठेवण्याचा ‘साउंडबार’ घ्यावा, व तो जोडण्यासाठीं ‘एआरसी’ असें लिहिलेली जागा संचास आहे ना, तें पाहावें. जेथें मिळतील तेथें मराठी चित्रपटास मराठीच अक्षरें पडद्याखालीं लावावीं. ऐकलेला शब्द त्याच क्षणीं वाचावयास मिळाला म्हणजे वाचनास आपोआप वळण लागतें, या विचारावर अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेंत १९९६ पासून काम झालेलें आहे. चौथी-पांचवींतल्या मुलास यासारखी फुकट शिकवणी दुसरी नाहीं.

सातवी गोष्ट, चित्रपट घरापर्यंत येणार कसा? धडगांव व अक्कलकुवा या भागांतील डोंगरी पाड्यांत जेथें मोबाईलचा संदेशही टेकडीवर चढून पाठवावा लागतो, तेथें इंटरनेटवरून चित्रपट दाखविणाऱ्या संचाचा निम्मा गुण वाया जातो. इंटरनेटवरून एचडी चित्रपटास तासाला सुमारें ३ जीबी, व फोर-के चित्रपटास सुमारें ७ जीबीपर्यंत डेटा लागतो, हें ध्यानांत ठेवावें. दूरदर्शनच्या ‘डीडी फ्री डिश’ला मासिक वर्गणी नाहीं, छत्री व पेटी यांचा एकदांच खर्च. विजेचा दाब जेथें वरखालीं होतो तेथें स्टॅबिलायझर घ्यावा; आणि जूनच्या आरंभीं कडकडाट सुरू होतांच संचाची व छत्रीची अशा दोन्ही तारा काढून ठेवाव्या. नुसतें बटण बंद केल्यानें वीज अडत नाहीं. संच घरीं नेतांना जीपमध्यें खोकें आडवें टाकूं नये, उभेंच धरावें. घाटांतल्या धक्क्यांनीं आडव्या संचाची कांच तडकते, आणि नवा पडदा बसविण्याचा खर्च जवळजवळ नव्या संचाएवढा येतो. दुरुस्तीचें केंद्र नंदुरबारांत आहे, कीं धुळ्यास अगर सुरतेस जावें लागेल, हें पावती करण्यापूर्वीं विचारावें.

आतां शेवटची व सर्वांत कठीण गोष्ट, पैशाची. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळें मोठे संच पूर्वींपेक्षां आटोक्यांत आले, हें खरें. परंतु आटोक्यांत येणें व परवडणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. समजा, ३०,००० रुपयांचा संच दरमहा २,९०० रुपयांच्या बारा हप्त्यांनीं घेतला, तर एकंदर ३४,८०० रुपये पडले. म्हणजे ४,८०० रुपये केवळ घाईचे. ‘बिनव्याजी’ म्हटलेल्या हप्त्यांतही कागदपत्रांचें शुल्क निराळें आहे काय, आणि रोख देणाऱ्यास मिळणारी सूट हप्तेवाल्यास मिळते काय, हें विचारावें.

आपल्या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं गुजराथेंत व अन्यत्र जातात, आणि जाण्यापूर्वीं मुकादमाकडून उचल घेतात. उचल म्हणजे मिळालेला पैसा नव्हे. ती अद्याप न केलेल्या श्रमांवर काढलेलें कर्ज होय. त्या पैशांतून संच घेतला, तर पडदा बंद घरांत धूळ खात राहतो, आणि घरचीं माणसें उसाच्या फडांत कोयता चालवून तो फेडीत असतात. पुष्कळदां शाळेंतलें मूलही त्यांच्या मागें जातें, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परत येतें तेव्हां वर्ग पुढें गेलेला असतो. चित्रपट पाहण्यासाठीं घेतलेल्या वस्तूनें मुलाचें एक वर्ष खाल्लें, तर त्याहून महाग संच जगांत नाहीं. म्हणून पालकांस आमची हात जोडून विनंति आहे कीं, उचलीच्या पैशाला संचासाठीं हात लावूं नये. फडावरून परत आल्यावर, हिशेब पुरा होऊन हातांत जें उरेल, त्यांतून लहान संच घ्यावा. आणि तेंही न जमल्यास एक वर्ष थांबावें. ज्या घरीं टीव्ही नाहीं त्या घरानें मान खालीं घालण्याचें कांहीं कारण नाहीं.

कोणी म्हणेल, एका करमणुकीच्या वस्तूसाठीं इतका खटाटोप कशाला? परंतु हा संच पुढील सातआठ वर्षें घराच्या मधोमध बसणार आहे. घरांतील संध्याकाळ कोणाच्या ताब्यांत राहील, हें त्यावर ठरणार आहे. म्हणून संच घेण्यापूर्वींच घरांत एक ठराव व्हावा. शाळेच्या दिवसांत अभ्यासाच्या वेळीं पडदा काळा. आठवड्यांत एक चित्रपट, सर्वांनीं मिळून ठरविलेला व सर्वांनीं मिळून पाहिलेला. आणि तो चालू असेपर्यंत मोबाईल फळीवर. चित्रपट संपल्यावर आजीनें विचारावें, “त्या पोरीनें असें कां केलें रे?” आणि नातवानें तिला समजावून सांगावें. त्या पांच मिनिटांत मुलाच्या बुद्धीला जें वळण लागतें, तें एकट्यानें पाहिलेल्या दहा चित्रपटांनीं लागत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, हें काम तुमचें आहे. घरांत हिशेब व इंग्रजी अक्षरें बहुधा तुम्हांसच अधिक येतात. मोजपट्टी घेऊन बसण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंतचें अंतर मोजा. किती माणसें, किती पसरून, किती उंचीवर बसतात, तें लिहा. संच रात्रीं अधिक चालणार कीं दिवसां, चित्रपट इंटरनेटवरून येणार कीं छत्रीवरून, आजोबांस कितपत ऐकूं येतें, विजेचा दाब कसा असतो, आणि रोख किती पैसे आहेत, हेंही लिहा. एवढें झालें कीं कोणता संच पाहिजे, याचें उत्तर त्याच कागदावर उमटलेलें दिसेल. तो कागद वडिलांच्या खिशांत ठेवा व दुकानांत त्यांच्याबरोबर जा. विक्रेता “याहून मोठा न्या, हप्ता थोडाच वाढेल,” असें म्हणेल. तेव्हां नम्रपणें तो कागद उघडा आणि वाचून दाखवा.